एआयला दर विचारू नका, बिल वाचायला द्या

रेल्वेच्या तिकिटात ज्येष्ठांना किती सवलत मिळते, हे चॅटजीपीटी किंवा जेमिनायला नुसतं विचारलं, तर 'पुरुषांना ४० टक्के, स्त्रियांना ५० टक्के' असं उत्तर अजूनही येऊ शकतं. ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. चालू आहे तो खालच्या बर्थचा कोटा. त्या सवलतीबद्दल वर्षानुवर्षं लिहिलेला मजकूर इंटरनेटवर ढिगाने पडलाय आणि एआय त्यावरच शिकलंय, म्हणून ही चूक होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचंही तेच. गुंतवणुकीची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली, तरी उत्तरात १५ लाख डोकावतात. व्याजावरच्या टीडीएसची ज्येष्ठांसाठीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून एक लाख झाली, पण ती आणि जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांची वजावट यांची सरमिसळ होते.

म्हणून दर, मर्यादा आणि तारीख विचारताना प्रश्नालाच एक शेपूट जोडा: 'इंटरनेटवर शोधून सांग, सरकारी संकेतस्थळाचा दुवा दे, आणि हा नियम कोणत्या तारखेपासून लागू आहे ते लिही.' दुवा उघडून आकडा स्वतः बघा. प्रश्नात उत्तर घालू नका. 'एसटीत ६० वर्षांपासून अर्धं तिकीट असतं ना?' असं विचारलं की एआय मान डोलावण्याची शक्यता वाढते. 'कोणत्या वयापासून किती?' असं विचारा. (६५ ते ७५ अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाल्यावर मोफत.)

एआयचा खरा उपयोग हातातला कागद समजून घ्यायला होतो, आणि महिन्याचा खर्च तिथेच आटोक्यात येतो.

वीजबिलापासून सुरुवात करा. नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक झाकून फोटो काढा. पहिल्या प्रश्नात फक्त आकडे वाचून घ्या: युनिट, बिलाचे दिवस, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क. ते कागदाशी ताडून बघा, कारण अंधूक छपाईत ३ चा ८ होतो. मग टप्प्यांचा हिशेब मांडायला सांगा. इथे ठरलेली चूक म्हणजे १०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लावणं. प्रत्यक्षात पहिल्या १०० ला पहिला दर आणि त्यापुढच्यांनाच पुढचा. रीडिंग ३५ दिवसांनी झालं असेल, तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवलेत का, तेही तपासायला सांगा.

औषधांत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो देऊ नका. हस्ताक्षर लागलं नाही की एआय अंदाजाने नाव ठोकून देतं. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो द्या आणि 'मूळ घटक, मात्रा आणि गोळीचा प्रकार लिही' एवढंच विचारा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एएम' असेल तर सहसा ॲम्लोडिपिन जोडलेलं असतं, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड. मेटफॉर्मिन ५०० साधी आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर या वेगळ्या गोळ्या. एसआर हळूहळू विरघळते. ही अक्षरं सुटली तर स्वस्त पर्याय चुकीचा निघतो. घटक नक्की झाला की किंमत एआयला विचारू नका. 'जनऔषधी सुगम' ॲपमध्ये जनऔषधीची किंमत आणि जवळचं केंद्र मिळतं. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच. थायरॉइड आणि फिट्सच्या औषधांचा तर ब्रँडसुद्धा परस्पर बदलू नये, कारण त्यांत रक्तातल्या प्रमाणाचा थोडा फरकही भोवतो.

सर्वांत जास्त पैसे अडकतात ते आरोग्य विम्याच्या अटींत. पॉलिसीची पूर्ण पीडीएफ द्या (चार पानांचं माहितीपत्रक नव्हे) आणि विचारा: 'खोलीभाड्याची मर्यादा, सहभुगतान (को-पे, म्हणजे बिलातला आपला वाटा), मोतीबिंदूची मर्यादा आणि प्रतीक्षा काळ, प्रत्येकाचं मूळ वाक्य पान क्रमांकासह दे.' पान उघडून वाक्य आहे का बघा. मग हिशेब. विमा ५ लाखांचा, खोलीभाडं १ टक्का म्हणजे रोज ५ हजार, आणि घेतली ८ हजारांची खोली. बिल झालं २ लाख. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी बिलही त्याच प्रमाणात (८ हजारांपैकी ५ हजार) कमी करून देते. एआय अनेकदा सरसकट पाच अष्टमांश धरून १ लाख २५ हजार सांगतं. पण औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून सहसा वगळलेल्या असतात. त्यांचे ८० हजार असतील तर कपात उरलेल्या १ लाख २० हजारांवरच. त्यातले ७५ हजार मंजूर, म्हणजे एकूण १ लाख ५५ हजार. तीस हजारांचा फरक! सहभुगतान आणि न मिळणारे किरकोळ खर्च यातून आणखी वजा होतील. ही आकडेमोड दाखल होण्यापूर्वी करावी, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

पुढच्या दहा वर्षांचा अंदाज काढताना सगळ्या खर्चाला एकच महागाई लावू नका. महिना ४० हजार खर्च ६ टक्क्यांनी दहा वर्षांत सुमारे ७१,६०० होतो. त्यातले ८ हजार औषधपाण्याचे धरून त्यांना १० टक्के लावले, तर एकूण ७८ हजारांवर जातो. एआयकडून सूत्रासह तक्ता मागा आणि दोन ओळी कॅल्क्युलेटरवर ताडा. उत्पन्नाच्या बाजूला आणखी एक गफलत होते: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी महिना २०,५०० असं एआय लिहितं. या योजनेत पैसे तिमाहीला ६१,५०० असे हातात येतात, त्यामुळे मधल्या दोन महिन्यांची सोय वेगळी लागते. आणि खासगी नोकरीतल्यांच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनला महागाई भत्ता नसतो. त्या रकान्यात वाढ शून्य टाका.

आधार, पॅन, पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी एआयमध्ये कधीही टाइप करू नका. बँकेचा किंवा विमा कंपनीचा मदत क्रमांकही त्याला विचारू नका. भामट्यांनी पेरलेले नंबर उत्तरात येऊ शकतात. खरा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करा.