देवघरातली ब्रिटानिया

"मॅडम, ही कुठली देवी?"

बारावीला 'जागतिक महायुद्धे आणि भारत' हे प्रकरण चालू होतं. आदल्या दिवशी मी अपशिंगे मिलिटरीचा विषय काढला होता. साताऱ्याजवळच्या त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तुमच्याही घरी काही जुनं असेल तर विचारून बघा, एवढंच म्हणाले होते.

आणि आज एका मुलीनं फडक्यात गुंडाळून जड तबकडी आणली. बशीएवढी, वर हळदकुंकवाचा थर. आजीनं बजावलं होतं, "देवघरातली हाय, दिवेलागणीच्या आत परत आण."

पाहताच अंगावर काटा आला. हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई, पुढ्यात सिंह. त्या घरानं तिला देवी मानलं यात नवल काय! ही होती ब्रिटानिया, ब्रिटिश साम्राज्याचं प्रतीक. त्रिशूळ समुद्रावरच्या सत्तेचा. तळाशी आणखी एक लहानसा सिंह गरुडावर तुटून पडलेला; तो गरुड म्हणजे शत्रुपक्ष. युद्धात मेलेल्यांच्या घरी १९१९ पासून अशा कांस्याच्या तेरा लाखांहून अधिक तबकड्या गेल्या. कडेनं इंग्रजी अक्षरं: तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला.

"कुणाच्या स्वातंत्र्यासाठी?" मागच्या बाकावरून आवाज आला.

मी फळ्यावर इराकमधलं, बगदादच्या खालचं कूत शहर दाखवलं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तुर्कांचा वेढा, आत पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी, शेवटी घोडे कापून खायची वेळ. उरलेला तास त्या एका प्रश्नावर गेला. धडा पुढे सरकला नाही, आणि मला तो सरकवायचाही नव्हता.

नावाची चौकट चिंचेनं घासून घासून गुळगुळीत झाली होती. वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली तशी एकेक अक्षर उमटलं. मुलगी मोठ्यानं वाचत गेली. नावापुढे हुद्दा नाही, तो कुणाच्याच तबकडीवर नसे. मग राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत शोधलं. स्पेलिंग मोडकंतोडकं, पण बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. स्मारक: बसरा. त्या स्मारकाच्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदुस्थानी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा लिहिला. शंभर वर्षं उलटून गेली तरी मला याचा संताप येतो.

संध्याकाळी तबकडी पोचवायला मीच गेले. तो आजींच्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ निघाला. घरात त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

"मग आता हिला देव्हाऱ्यातनं काढायची का वं?"

"नको आजी, राहू दे."

त्यांनी तबकडी जागेवर ठेवली, कुंकू लावलं आणि सुनेला म्हणाल्या, "सर्वपित्रीला औंदा एक पान जास्त वाढायचं. नावानिशी."