पितृपंधरवड्यातलं रिफॅक्टरिंग

"ताई, ठिबक पाच टक्क्यांवर आलंय. बावीस तारखेपासनं. एक आकडाच बदलायचाय न्हवं?"

४ सप्टेंबर २०२५, सकाळी साडेनऊ. आदल्या रात्री जीएसटी परिषदेने १२ टक्क्यांचा टप्पा मोडीत काढायचं जाहीर केलं होतं. फोनवर होते सांगलीकडच्या एका सिंचन साहित्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे हिशेबनीस काका. त्यांचं बिलिंगचं वेब ॲप्लिकेशन तीन वर्षं माझ्याकडे एएमसीवर, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारावर आहे. लिहिलंय दुसऱ्याच कुणीतरी, २०११ साली, व्हॅटच्या काळात. मी "हो काका, करते" म्हणाले, फोन ठेवला आणि कोडमध्ये १२ शोधायला बसले.

१२ सरळ कुठेच सापडेना. एका फाइलीत ०.१२ ने गुणलेलं, दुसरीत १.१२ ने, तिसरीत करासकट रकमेतून मूळ किंमत काढायला ११२ ने भागलेलं. सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा वाटा, वेगळे दाखवायचे तिथे ६. आता अख्ख्या कोडमधून ६ शोधून दाखवा! बिलाच्याच पाच फाइली: बिल, बिल-न्यू, बिल-जीएसटी, बिल-जीएसटी-फायनल आणि बिल-जीएसटी-फायनल-२. यातली चालू कुठली? तर तीन. रोखीची बिलं एकीतून, उधारीची दुसरीतून आणि परत आलेला माल तिसरीतून. संध्याकाळपर्यंत वहीत ४३ जागा लिहून झाल्या. "आत्ता घाई आहे, नंतर बघू" म्हणत मी स्वतः कॉपी-पेस्ट केलेल्या चार ओळीही त्यात निघाल्या, त्यामुळे आधीच्या माणसाला शिव्या द्यायची सोय राहिली नाही.

४३ जागी ५ लिहून मोकळं होता आलं असतं. मोह झालाच. पण एक जुनं बिल पुन्हा छापून बघितलं आणि हात थांबला. बिलाच्या ओळीत कराचा दर साठवलेलाच नव्हता. वस्तू, नग, भाव, बस्स. छापायच्या वेळी दर कोडमधून घ्यायचा आणि कर नव्याने काढायचा, असा कारभार. म्हणजे २२ तारखेनंतर कुणी ऑगस्टचं बिल मागितलं की ते पाच टक्क्यांनी छापून येणार, आणि ऑगस्टच्या जीएसटीआर-१शी, म्हणजे सरकारला भरलेल्या विक्रीच्या विवरणपत्राशी, त्याचा मेळ बसणार नाही. ऑगस्टमध्ये विकलेली लॅटरल (ठिबकची नळी) ऑक्टोबरात परत आली तर क्रेडिट नोट जुन्याच दराने द्यावी लागते, तीही चुकणार. दराला तारीख चिकटलेली असते, आणि या कोडमध्ये तारखेला जागाच नव्हती.

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला आणि मी रिफॅक्टरिंगला, म्हणजे बाहेरून तेच काम करणाऱ्या कोडची आतली मांडणी सुधारायला, बसले. या दिवसांत नवं काही सुरू करू नये म्हणतात. जुन्या कोडचं तर्पण चालत असावं.

आधी सगळं गिटमध्ये टाकलं, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहील. तोवर एफटीपीने फाइली चढवून थेट सर्व्हरवर बदल चालायचे. (हो, मीच करायचे.) मग टेस्टचा, म्हणजे बदलानंतर काही बिघडलं का हे आपोआप तपासायचा, प्रश्न. टेस्ट लिहायच्या कशावर? एकेक काम करणारे वेगळे तुकडे, म्हणजे फंक्शनच नव्हती. वरून खाली आठशे ओळी, मध्येच पानाचं एचटीएमएल, मध्येच डेटाबेसची क्वेरी. म्हणून जुन्या बिलांनाच टेस्ट केलं. बॅकअपमधून एप्रिलपासूनची सगळी बिलं काढली, जुन्या कोडकडून प्रत्येकाचा कर, बेरीज, राउंड ऑफ काढून घेतला आणि ते आकडे एका फाइलीत जसेच्या तसे जपून ठेवले. आता नवा कोड लिहायचा, तीच बिलं त्यातून काढायची आणि दोन फाइली ताडून बघायच्या. जुना आकडा बरोबर की चूक, हे या टप्प्यावर विचारायचंच नाही.

पहिल्या जुळवणीत ९१ बिलं फसली, आणि खरं सांगायचं तर या ९१ बिलांनी मला जितकं शिकवलं तितकं त्या आठशे ओळी वाचून कळलं नसतं.

बहुतेकांत फरक पैशाचा. रोखीच्या बिलात कर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट काढायचं, उधारीच्या बिलात सर्व्हरवर पीएचपी. १.००५ हा आकडा दोन दशांश स्थळांवर आणायला सांगा: जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड १.०० देतं, पीएचपीचं राउंड १.०१. दोघांच्याही पोटात तो आकडा १.००५ पेक्षा किंचित कमीच असतो, पीएचपी फक्त जास्त समजून घेतं. मी मोठा शोध लागल्यासारखा काकांना फोन केला.

"ते पैसे होय? महिनाअखेरीला राउंड ऑफला टाकतो की मी."

"किती दिवस झाले?"

"हे सॉफ्टवेअर आल्यापासनं."

नव्या कोडमध्ये कर काढायचं काम एकाच फंक्शनकडे दिलं, तेही सर्व्हरवर, आणि रक्कम पूर्ण पैशांत ठेवली. ब्राउझरने फक्त विचारायचं.

उरलेल्या बिलांनी एक वेगळंच प्रकरण बाहेर काढलं. उधारीच्या फाइलीत एक ओळ होती: पार्टी नंबर ८८, ११२, २०३ असे तीसेक आकडे, आणि त्यातला कुठलाही आला तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लावायचा. हे सगळे अथणी, चिक्कोडी, निपाणीकडचे दुकानदार. नवा कर्नाटकातला गिऱ्हाईक जोडला गेला की काका फोन करायचे आणि मी त्या ओळीत एक नंबर वाढवायचे. तीन वर्षं! जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. ते बघायचं, आणि नोंदणी नसलेल्यांसाठी पत्त्यात राज्य निवडायला लावायचं, एवढंच काम होतं.

दरांचं एक टेबल केलं: एचएसएन कोड (वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक), दर, कधीपासून. बिल करताना त्या तारखेचा दर शोधायचा आणि बिलाच्या ओळीतच लिहून ठेवायचा, जुन्या बिलांच्या ओळींतही एकदा भरून घ्यायचा. सर्वपित्री अमावास्येच्या रात्री ते चढवलं. घटस्थापनेला सकाळी पहिलं बिल पाच टक्क्यांनी निघालं, ऑगस्टचं एक मुद्दाम छापून पाहिलं, ते बाराच्याच दराने आलं. पीव्हीसी पाइप अठरावर होते तिथेच राहिले. पाचपैकी चार फाइली डिलीट केल्या तेव्हाचा आनंद मात्र घरात कुणाला समजावून सांगता आला नाही.

हे सगळं ज्या जुन्या पीएचपी ५.६वर चालायचं, त्याला मात्र तेव्हा हात लावला नाही. त्याचे सुरक्षा अपडेट २०१८ संपताना बंद झाले आहेत, मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन पीएचपी ७मध्ये नाहीतच, सगळं माहीत होतं. पण एका वेळी एकच गोष्ट हलवायची, असं ठरवलं होतं. ते काम दिवाळीनंतर काढलं. नव्या आवृत्तीवर डेटाबेसचं कनेक्शन यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) करून चाचणीच्या सर्व्हरवर पान उघडलं, तर एकूण एक मराठी नावाचा चिखल. एका चिन्हाच्या जागी टोपीवालं रोमन a आणि मागे आणखी दोन भलत्याच खुणा.

टेबल लॅटिन-१चं (फक्त रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत), जुनं कनेक्शनही लॅटिन-१चं. देवनागरीचे बाइट जसे आले तसे आत जायचे आणि तसेच बाहेर यायचे. दोन चुका एकमेकींना झाकून चौदा वर्षं सुखाने नांदल्या. मी एक दुरुस्त केली आणि दुसरी उघडी पडली. उपाय ठरलेला आहे: कॉलम आधी बायनरी, म्हणजे नुसत्या बाइटचा करायचा, मग मायएसक्यूएल बाइटना हात लावत नाही, आणि मग यूटीएफ-८. पण ३८ नावांवर ते अडलं. नावाला जागा १०० बाइटची, आणि देवनागरीत एक चिन्ह तीन बाइट खातं. गावाचं नाव, पुढे "विविध कार्यकारी सहकारी सेवा" इथपर्यंत येता येता ९२ बाइट संपायचे, मग "सो" आणि शेवटी अर्धवट तुटलेलं एक अक्षर, जे बिलावर चौकोन म्हणून उमटायचं.

तुटलेले शेवटचे बाइट छाटले, रूपांतर झालं, जागाही वाढवली. गेलेलं नाव मात्र कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हतं, ते कधी आत गेलंच नव्हतं. ३८ जणांची यादी काकांना पाठवली.

"हे चौकोन होय," काका म्हणाले. "मला वाटलेलं प्रिंटरच तसला हाय." मग त्यांनी जुन्या चलनांचा गठ्ठा काढला आणि सोसायट्यांच्या रबरी शिक्क्यांवरून एकेक नाव वाचून टाइप करायला घेतलं. परवापर्यंत एकोणतीस झाली होती.