पुडी क्रमांक एक

सुका जवळा पाण्यात टाकला की भिजतो, जिवंत होत नाही. हे ज्ञान कोकणातल्या शेंबड्या पोरालाही असतं. त्यामुळे फिश टँकवाल्याने विटकरी भुकटी चमचाभर पुडीत बांधून दिली आणि "मिठाच्या पाण्यात टाका, उद्या पोहायला लागतील" म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. घरी गप्पी मासळीला पिल्लं झाली होती. त्यांच्यासाठी हा खाऊ.

ती भुकटी म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवाची अंडी. हीच अंडी अमेरिकेत हॅरॉल्ड फॉन ब्राउनहट नावाच्या गृहस्थाने १९६०च्या सुमारास 'इन्स्टंट लाइफ' म्हणून मुलांना विकायला काढली. १९६२ मध्ये नाव बदलून केलं 'सी-मंकीज'. शेपूट म्हणे माकडासारखं! माकड सोडाच, हा प्राणी समुद्रातलाही म्हणता येत नाही. युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकसारखी खारट तळी नि मिठागरं ही त्याची घरं. आपल्या मुंबईच्या मिठागरांतही तो सापडलेला आहे. पण ब्राउनहटला सजवून सांगायची खोडच होती. नावातलं 'फॉन'सुद्धा त्याने स्वतःच चिकटवलेलं. न दिसणारा गोल्डफिश विकणाराही हाच, आणि तो कधीही दिसणार नाही याची हमी देणाराही.

कॉमिकमधल्या जाहिरातीत जो ऑर्लँडो नावाच्या चित्रकाराने सी-मंकींचं गुलाबी, हसरं कुटुंब रंगवलं होतं. डोक्यावर मुकुटासारखे तुरे, मागे राजवाडा. पोरांनी पैसे साठवून पाकीट मागवायचं आणि बरणीला नाक लावून राजा शोधत बसायचं. पूर्ण वाढलेला राजा जेमतेम सेंटिमीटरभर, आणि तोही उताणा पोहणारा.

खरी गंमत पुड्यांची. पहिली पुडी 'पाणी शुद्ध करणारी'. ती घालून एक दिवस थांबायचं. मग दुसरी, अंड्यांची. ती ओतली की क्षणात पाण्यात हालचाल! वस्तुस्थिती अशी, की अंडी पहिल्या पुडीतच होती. दिवसभरात ती गुपचूप फुटलेली असायची. दुसऱ्या पुडीत आणखी अंडी आणि रंग, म्हणजे आधीचे जीव चटकन नजरेत भरावेत.

ही हातचलाखी मला आवडते, पण तिची गरज काय होती तेच कळत नाही. पाणी चांगलं असलं की आर्टेमियाची मादी थेट पिल्लं सोडते. खारटपणा वाढला, तळं आटायला लागलं की ती जाड कवचाची अंडी घालते. आतला गर्भ सुमारे ४,००० पेशींपर्यंत वाढून तिथेच थांबतो. पाणी उडून गेलं तरी ट्रेहॅलोज नावाची साखर आतली घडी विस्कटू देत नाही. आजीचा मोरावळा वर्षभर टिकतो, पण त्यातला आवळा पुन्हा रुजत नाही. हा गर्भ वर्षानुवर्षं कोरडा राहूनही उठतो. १९७२ मध्ये ही अंडी अपोलो १६ बरोबर चंद्रापर्यंत जाऊन आली. एवढी जादू पुडीत असताना एका दिवसासाठी कशाला खोटं बोलायचं? पण सात वर्षांच्या पोराला 'उद्या' हा शब्द सांगून बघा.

मलाही तो जड गेला. बाटली उलटी टांगली, लिटरला दोन मोठे चमचे मीठ, हवेची नळी सोडली आणि रात्रीत चारदा उठून पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी हवा बंद करून बाजूला टॉर्च धरला. रिकामी टरफलं वर तरंगली आणि नारिंगी ठिपके झटके देत उजेडाकडे धावले. जन्मतः यांना एकच डोळा असतो; पुढे दोन आणखी येतात. यांना ते दोन यायचे नव्हते. पातळ फडक्यातून गाळून, गोड्या पाण्यात खळबळून मी त्यांना टँकमध्ये सोडलं.

पाच मिनिटांत गप्पीच्या पिल्लांची काचेसारखी पोटं नारिंगी झाली.