दिवाणजींची पेन्सिल

यंत्रमाग कारखान्याचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या वहीत दोन रंग असतात. पेन्सिलीचा करडा आणि बॉलपेनचा निळा. विणकराने किती नग काढले, किती उचल घेतली, किती नग डागी निघाले, हे आठवडाभर पेन्सिलीने लिहिलं जातं. पगाराच्या दिवशी विणकर टेबलासमोर उभा राहतो, आकडा ऐकतो, मान हलवतो नाहीतर हुज्जत घालतो. बोलणं मिटलं की मगच त्या आकड्यावरून निळं पेन फिरतं.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. ती दोन्ही वर्षं आमचं सॉफ्टवेअर त्या कारखान्यात चालू होतं आणि त्याची प्रॉडक्ट मॅनेजर मी होते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडील यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आई घरी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. इंजिनिअरिंग इथंच केलं, मग पुण्यात नोकरी, आणि आता बरेच दिवस इथूनच घरून काम. टॉवेल आणि चादरीच्या छोट्या कारखान्यांसाठी ऑर्डर, सूत, मजुरी यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. कोड मी लिहीत नाही, विक्री करत नाही, स्क्रीन कशी दिसावी हेही दुसरी मुलगी ठरवते. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. पुढच्या तीन महिन्यांत काय बनवायचं, काय बनवायचं नाही आणि का, एवढं मी ठरवते. चुकलं तर पहिला प्रश्न मला विचारतात आणि तो मलाच विचारायला हवा.

प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांची लोक हमखास गल्लत करतात. काम ठरल्या तारखेला आणि ठरल्या खर्चात पुरं होतंय ना, हे पहिला बघतो. ते काम मुळात करण्यासारखं आहे का, आणि केलं तर कोणाचं ओझं हलकं होणार, हे दुसऱ्याने बघायचं. तारीख पाळून, खर्च सांभाळून नको असलेली वस्तू बनवता येते. मी बनवली होती.

झालं असं. मजुरीचा भाग आम्ही बनवायला घेतला तेव्हा मालकांशी बोललो. पैसे ते देणार, म्हणून त्यांच्याशीच बोललो. सगळ्यांची काळजी एकच होती : हिशेबात मागाहून कोणी हात घालू नये. मी लिहून दिलं, ‘नोंद एकदा जतन केली की बदलता येणार नाही.’ मला ते वाक्य तेव्हा फार स्वच्छ वाटलं होतं. डेव्हलपरांनाही आवडलं, कारण बांधायला सोपं. वेळेवर झालं, चाललं. दर आठवड्याला किती कारखाने मजुरीच्या नोंदी करतात तो आकडा मी बघायचे आणि तो उत्तम होता. एकही कारखाना आठवडा चुकवत नव्हता.

मग एका पगाराच्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेले. खरं तर वेगळ्याच कामाला, मालकांना प्रत्येक मागाचा रिपोर्ट मोबाईलवर हवा होता त्याबद्दल बोलायला. मालक यायला उशीर होता. दिवाणजींनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपल्या कामाला लागले. मी बसून राहिले. बाहेर माग चालू होते. तो आवाज ज्यांनी लहानपणापासून ऐकलाय त्यांना सांगायला नको, पहिल्या पाच मिनिटांनंतर तो ऐकू येत नाही, फक्त छातीत जाणवतो.

टेबलावर कॉम्प्युटर बंद होता. वही उघडी होती.

एक विणकर आला. त्याचं म्हणणं, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपला, नवीन बीम लागेपर्यंत दीड दिवस माग बंद होता, त्या दिवसाचं काहीतरी धरा. दिवाणजींनी जॉबरला हाक मारून खात्री केली, आकडा खोडला, बाजूला नवा लिहिला. दुसऱ्याचे तीन नग डागी धरले होते. तो म्हणाला, डाग सुताचा आहे, माझ्या हाताचा नाही. दिवाणजींनी नग आणायला लावले, उजेडात धरले, दोन सोडले, एक ठेवला. तिसऱ्याने काहीच हुज्जत घातली नाही, फक्त या हप्त्याला उचलीचे पैसे कमी कापा म्हणाला, मुलीची फी भरायची आहे. तेही पेन्सिलीने झालं. तेलुगू, मराठी, मधेच कन्नड, सगळं एका टेबलावर.

दोन तासांनी मी विचारलं, “दिवाणजी, हे कॉम्प्युटरमध्ये कधी भरता?”

“सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅडम. समदं पक्कं झाल्यावर. वीस मिनिटांत होतंय की ओ.”

“आधीच का नाही भरत?”

त्यांनी माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं. “तुमच्या मशीनमध्ये खोडता कुठं येतंय?”

घरी येऊन त्या कारखान्याच्या नोंदींच्या वेळा काढल्या. आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकाच सकाळी, वीस-पंचवीस मिनिटांत. हा तक्ता मी आधीही पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, वा, किती भराभर काम होतंय. आमच्या सॉफ्टवेअरमुळे त्या माणसाचं रत्तीभर काम कमी झालं नव्हतं. वही होती तशीच राहिली होती आणि वर तिची नक्कल काढायचं काम वाढलं होतं. दर आठवड्याला वीस मिनिटं, दोन वर्षं. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार मालक करतात आणि मालकांना शेवटचा आकडा बरोबर मिळत होता.

त्या रात्री वडिलांशी बोलले. ते आता माग बघायला जात नाहीत, गुडघे दुखतात. पण माग बिघडला की विणकर त्यांना बोलवायचे ते मला आठवतं. विणकर सांगायचा, धोटा अडकतोय, हे बदला, ते बदला. वडील काही न बोलता मागाशेजारी उभे राहायचे, हात मागे बांधून. मग विणकराला म्हणायचे, चालव. चालवलं की ऐकायचे. मी विचारलं, तुम्ही आधी हात का नाही लावायचा? ते तेलुगूत म्हणाले, त्याचा अर्थ असा : विणकर सांगतो ते त्याचं औषध असतं, दुखणं माग सांगतो.

माझ्या कामाचं मूळ सॉफ्टवेअरात नाही, साबणात आहे. १३ मे १९३१ रोजी अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. तो कॅमे साबणाच्या जाहिराती सांभाळायचा आणि घरच्याच आयव्हरी साबणापुढे कॅमे मागे पडत होता. त्याचं म्हणणं, एका ब्रँडची पुरी जबाबदारी एका माणसावर द्या. त्या माणसाने काय काय करावं हेही त्याने लिहिलं : माल कुठं खपतो, कुठं खपत नाही ते आकड्यांत बघावं, आणि जिथं खपत नाही तिथं स्वतः जाऊन दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना भेटून दुखणं शोधावं. हाच मॅकेलरॉय पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. १९३१ म्हटलं की सोलापूरकराला दुसरंच आठवतं. त्याच वर्षी १२ जानेवारीला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं. म्हणून हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. आकडे बघण्याचं अर्धं काम मी करत होते. जाऊन भेटण्याचं अर्धं काम चार किलोमीटरवर असून राहिलं होतं.

आणि आमच्या क्षेत्रात ज्या टोयोटाचं नाव ऊठसूट घेतलं जातं, ती मोटारींच्या आधी मागांची होती. साकिची टोयोडाने १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, आणि त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. मोटार कंपनी उभी राहिली १९३७ मध्ये. पुढे तिथलेच ताइची ओहनो व्यवस्थापकांना कारखान्याच्या फरशीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करायचे, नुसतं बघायला, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. मी ती तीनदा तरी ऐकली असेल. हात मागे बांधून मागाशेजारी उभा राहणारा माणूस माझ्या घरात होता, हे एकदाही सुचलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचं काम सोपं नव्हतं. आमच्याकडे कामांचा क्रम लावायला चार आकडे घालतात : किती जणांपर्यंत पोचेल, किती फरक पडेल, आपली खात्री किती, मेहनत किती. पहिले तीन गुणायचे, चौथ्याने भागायचं. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे, पण ‘खोडता आलं पाहिजे’ हे काम त्या यादीत खाली गेलं, कारण ते कोणी मागितलंच नव्हतं. मागांचा रिपोर्ट सगळ्यात वर होता. तो सात मालकांनी मागितला होता आणि विक्रीच्या सहकाऱ्याने दिवाळीपर्यंत देतो म्हणून सांगून टाकलं होतं.

खात्रीचा आकडा मनाने वाढवता येत नाही. मी आणखी पाच कारखान्यांत पगाराच्या दिवशी जाऊन बसले. तीन ठिकाणी पेन्सिल, एका ठिकाणी भिंतीवरची पाटी आणि खडू, आणि एका ठिकाणी चक्क दोन वह्या. पद्धत वेगळी, कारण एकच : पगार हा आधी बोलून ठरतो, मग लिहिला जातो. मजुरीचा आकडा अंतिम होण्याआधी दोन माणसांच्या मधे काही काळ राहतो आणि तेवढ्यासाठी आमच्या सॉफ्टवेअरात जागाच नव्हती.

मीटिंगमध्ये मी तक्ता दाखवला नाही. दिवाणजींच्या परवानगीने काढलेला वहीच्या पानाचा फोटो दाखवला, विणकरांची नावं झाकून. खोडलेले आकडे, बाजूला नवे, वर निळं पेन. डेव्हलपरांपैकी एक जण बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, यात जुना आकडाही दिसतोय. तिथून वाट निघाली. मालकांची भीती खोटी नव्हती, हिशेबात हात घातला जातो हेही खरं आहे. म्हणून असं ठरलं की पगार वाटेपर्यंत आकडा बदलता येईल, पण आधीचा आकडा आडवी रेघ मारलेल्या रूपात तिथेच राहील, कोणी कधी बदलला त्यासकट. पगार वाटला की कुलूप. वहीत होतं तेच.

विक्रीच्या सहकाऱ्याला मीच फोन केला, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. मागांचा रिपोर्ट दिवाळीनंतर. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं, शब्द त्याने दिला होता. सातांपैकी एक मालक आम्हाला सोडून गेले. त्यांना दिलेलं कारण मी आजही तसंच देईन, पण ते गेले हे खरं आहे आणि ते माझ्या निर्णयामुळे गेले.

शब्दांवर एक वेगळी लढाई झाली. मराठी स्क्रीनवर आधीपासून ‘अग्रिम’ लिहिलेलं होतं. सहा कारखान्यांत मला एकानेही तो शब्द बोललेला ऐकू आला नाही, सगळीकडे ‘उचल’. ते बदललं. नव्या अवस्थेला भाषांतरातून ‘मसुदा’ आलं होतं. मी म्हटलं, ‘कच्ची नोंद’ आणि ‘पक्की नोंद’ करू, आपल्याकडे तेच म्हणतात. दिवाणजींना दाखवलं तर त्यांनी मान हलवली. “कच्चं नको. कच्चं म्हटलं की मालकाला वाटंल दोन नंबरचं चाललंय.” हे मला घरी बसून शंभर वर्षांत सुचलं नसतं. शेवटी बटणावर ‘पेन्सिल’ लिहिलं आणि दुसऱ्यावर ‘पेन’. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता त्या कारखान्यात नोंदी रोज होतात, थोड्या थोड्या. वही अजून आहे. दिवाणजी म्हणतात, असू दे, आणि मला ती काढायची घाई नाही.

मागच्या खेपेला कॉम्प्युटर चालू होता. एका विणकराने टेबलावरून वाकून स्क्रीनवरची आपली ओळ बघितली, रेघ मारलेला आकडा बोटाने दाखवला आणि मला विचारलं, “ताई, हे माझ्या फोनवर येईल का? उचल किती राहिली ते घरची दर आठवड्याला विचारते, मला तोंडी सांगावं लागतं.”

दिवाणजींनी माझ्याकडे बघितलं. मालक आत होते.

विणकर आमचा ग्राहक नाही, तो पैसे देत नाही, आमच्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. पण ती सगळी ओळ त्याच्या घामाची आहे. हे फोनवर दिलं तर मालकांना चालेल का, दिवाणजींची अडचण होईल का, एकाच्या फोनवर दुसऱ्याचा आकडा गेला तर काय, यातलं मला आत्ता काही माहीत नाही. त्याला मी हो म्हटलं नाही. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत, तारखेसकट लिहून घेतलं. पुढच्या पगाराच्या आदल्या रात्री पुण्याहून तो डेव्हलपर हुतात्मा एक्सप्रेसने येतोय. आम्ही दोघं आधी त्या विणकराच्या मागाशेजारी उभे राहणार आहोत, मग वेळ मिळाला तर त्याच्या घरी, उचल किती राहिली हे तिथं कसं सांगितलं जातं ते ऐकायला.