विहारातला आमचा बचत गट

आमची वस्ती धुळे तालुक्यातली. दर वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी विहारात वाचन चालतं. बारावी झालेली म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. वंदना, दोन-चार पानं, की ज्याची त्याची चूल. गेल्या साली बौद्धाचार्यांनी गृहस्थांची सुत्तं, म्हणजे संसारी माणसांना बुद्धांनी केलेले उपदेश, घेतली आणि विषय पैशावर आला.

सिगालाला बुद्धांनी सांगितलंय, कमाईचे चार भाग कर. एक खायला-प्यायला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीला. हे ऐकून एक जिजी अहिराणीत फटकन म्हणाल्या, "पैसा कथा (कुठे) जास तेच समजत नही, चार वाटा कशाना करू?" सगळ्या हसल्या, पण जिजींचं बरोबर होतं. सिगाल गृहपतीचा मुलगा. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईने अर्धी कमाई धंद्यात घालायची कशी? तो हिशेब आम्ही तिथेच सोडला.

पटलं ते व्यग्घपज्ज सुत्त. कोलिय कुळातला दीघजाणू बुद्धांना सरळ विचारतो, आम्ही बायकापोरांतली माणसं, याच जन्मात उपयोगी पडेल असं सांगा. उत्तर चार गोष्टींचं: मेहनत, कमावलेलं राखणं, चांगली संगत आणि आवक पाहून खर्च. तळ्याचा दाखलाही तिथलाच. पाणी यायच्या वाटा बुजवल्या आणि जायच्या उघड्या ठेवल्या तर तळं आटणारच. दारू, जुगार, वाईट संगत या जायच्या वाटा.

मग ठरलं, आधी नुसता खर्च लिहायचा. जिला लिहिता येत नाही तिचं पोर लिहील. एका वहीत पोराने इमानदारीने लिहिलं होतं: तेल, मिरची, पप्पाची पुडी, फायनान्सचा हप्ता, पप्पाची पुडी, पेन, पप्पाची पुडी. आईने ते पान नवऱ्यासमोर ठेवलं. पुडी सुटली म्हणणार नाही, पण आता तो घरात आणत नाही.

त्यातूनच गट निघाला. उमेदच्या, म्हणजे बचत गट चालवायला मदत करणाऱ्या सरकारी अभियानाच्या, ताईंनी पंचसूत्री सांगितली: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. वज्जी गणराज्यातल्या लोकांबद्दल बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पहिलं हेच विचारलं होतं, ते वारंवार एकत्र जमतात ना? हे मी सांगितल्यावर ताईंनी पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

गटाचं खातं उघडताना बँकेने मात्र दम काढला. ठराव, आधार, पॅन, फोटो, सगळं नेलं तर म्हणे अध्यक्षांच्या आधारवरचं नाव माहेरचं आहे. ते बदलून आणलं तर साहेब रजेवर. प्रत्येक खेपेला तिघींची मजुरी बुडायची. त्याचा हिशेब कुठल्या खात्यात धरतात कोण जाणे.

पहिलं भांडण ३१ जुलैचं. १९३७ साली बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते, म्हणून त्या दिवशी तिथे लोक जमतात, आम्हीही जातो. टेम्पोचं भाडं गटातून द्यायचं का? अर्ध्या म्हणाल्या, बाबासाहेबांसाठी देऊ. जिजींनी मोडता घातला, "बाबासाहेबले पैसाना हिशोब आपलापेक्षा जास्त समजे." भाडं जिचं तिने दिलं.

खरी अडचण आली दिवाळीनंतर. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला गेली आणि बैठकीतल्या कितीतरी जागा रिकाम्या पडल्या. गटाने ठरवलं, तिकडून बचत मोबाईलवर पाठवायची आणि बैठकीच्या वेळी फोन स्पीकरवर ठेवायचा. फडात रेंज मिळाली तर आवाज येतो, नाहीतर कोयत्याचाच आवाज. गटातून पहिलं कर्ज गेलं ते यांच्यातल्याच एकीला, पोराच्या दवाखान्यासाठी. तेवढी मुकादमाकडची जादा उचल वाचली.

सगळं गोडीत चाललंय असं नाही. फायनान्सचे हप्ते बऱ्याच घरांत अजून चालूच आहेत. उमेदकडून गटाला मिळणाऱ्या फिरत्या निधीचा प्रस्तावही पडून आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ऊसतोडीच्या बाया परतल्या की अध्यक्ष बदलायचाय. जिजींचं नाव पुढे आहे, पण त्या सहीऐवजी अंगठा करतात. चालेल की नाही यावरून आत्तापासून दोन तट पडलेत. मी जिजींच्या बाजूने आहे आणि संध्याकाळी त्यांच्याकडून सही गिरवून घेतेय.