लाकडी पार्टिशनवर राहिलेलं ऊन

मी हेलसिंकीत जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करते. फिनलंडचा आर्किटेक्ट आणि डिझायनर आल्वार आल्तो, त्याची स्टुलं आमच्याकडे नेहमीचीच, पण त्याचं स्क्रीन १०० म्हणजे ते लाकडी पार्टिशन क्वचित येतं. परवा एक आजी आणि त्यांचा नातू ते चटईसारखं गुंडाळून घेऊन आले.

डिझाइन १९३६ चं, आल्तो, त्याची बायको आयनो आणि आणखी दोघांनी आर्टेक कंपनी काढली त्याच्या पुढच्याच वर्षीचं. पाइनच्या अरुंद उभ्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या, उंची दीड मीटर, उलगडलं की लांबी दोन मीटर, ना बिजागरी ना पाय. एका रेषेत ताणलं तर आडवं होणार, पण थोडं वळण दिलं की आपलं आपण उभं राहतं. व्हीपुरी या तेव्हाच्या फिनिश शहरातल्या लायब्ररीच्या लाकडी छताला आल्तोनं अशीच लाट दिली होती, फक्त इथे ती कशी वळवायची हे घरातल्या माणसानं ठरवायचं, आणि मला हे फार म्हणजे फार आवडतं.

नातू म्हणाला, लाकूड डागाळलंय, घासून एकसारखं करून द्या. उलगडलं तर खरंच, काही पट्ट्या गडद मधाळ, मग फिक्या, मग परत गडद. पण डाग म्हणावं तर रंग पट्टीगणिक हळूहळू चढत-उतरत होता. पाइन उजेडानं पिवळं पडत जातं, म्हणून मी ते उभं केलं आणि गडद पट्ट्या खिडकीकडे, फिक्या आत अशी वळवत गेले, तर दोन वळणं आपोआप जमून आली. आजी खुर्चीतून उठल्याच. "अस्संच असायचं! मागे आईचं शिवणाचं मशीन होतं."

घासायचं नाही, मी स्पष्टच सांगितलं. पट्ट्या आधीच बारीक, आणि एकसारखा केलेला रंग उजेडात परत बदलणारच की. नातू जरा खट्टू झाला, त्याला विकायचं होतं, पण आजींनी विकायचा विषयच बंद केला.

मऊ ब्रशनं फटींतली धूळ काढली, टोकाची एक सैल पट्टी पक्की केली, बिल तेवढ्याचंच लावलं. आता ते नातवाच्या फ्लॅटमध्ये पलंग आणि टेबलाच्या मध्ये जाणारे. हीटरला चिकटवून ठेवू नकोस एवढं बजावलंय, वळण कसं द्यायचं ते त्याचं त्यानं बघावं.