पावसाळ्यातही टिकेल अशी घरच्या घरी सजावट

रद्दी, जुनी सुती साडी, सुतळी, रिकामी बाटली आणि बांबूच्या कामट्या. एवढ्या सामानात घर सुरेख सजतं आणि खर्चही जवळपास नसतो. पण मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कागद, सुतळी, कापड सगळंच पाणी धरून बसतं. मार्चमध्ये केलेली कडक टोपली ऑगस्टमध्ये मऊ पडते, सुतळीला कुबट वास येतो आणि चिकटवलेली कड सुटते. म्हणून इथे काही करायला घेताना आधी दोन गोष्टी ठरवायच्या: वस्तू किती दिवस टिकायला हवी आणि घरात नेमकी कुठे राहणार. रंग, आकार, नक्षी यांचं नंतर बघता येतं. चिकटवायला काय वापरायचं हे मात्र या दोन उत्तरांवरच ठरतं.

पंधरा-वीस दिवसांत उतरणाऱ्या वस्तूला मैद्याची खळ उत्तम. एक चमचा मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक दिसू लागली की उतरवा. गार झाल्यावर ती दाट होते, त्यामुळे गॅसवर थोडी पातळच ठेवायची. कागदाला खळीइतकं नीट काही धरत नाही. पण खळ म्हणजे शेवटी पीठ, त्यावर झुरळं आणि कसर हमखास येतात. वर्षभर ठेवायच्या वस्तूला खळ लावूच नका.

नेहमीचा पांढरा फेविकॉल कागद-पुठ्ठ्याला चालतो, पण वाळल्यावर पाणी लागलं की तो पुन्हा पांढरट होऊन मऊ पडतो. त्यामुळे त्याच्यावर वॉर्निशचा थर हवाच. खिडकीजवळ, सिंकपाशी किंवा बाल्कनीत राहणाऱ्या वस्तूला फेविकॉल मरीन घ्या, तो पाण्याला दाद देत नाही. या सगळ्या उद्योगात पैसे घालायचेच असतील तर ते गोंद आणि वॉर्निशवर घालावेत. बाकी सामान घरातच असतं.

रद्दीची टोपली

किल्ल्या, रिमोट, औषधं ठेवायला ही टोपली फार कामाची. १८ सेंमी व्यासाचा तळ आणि १२ सेंमी उंची धरली तर वर्तमानपत्राची साधारण १८ पानं लागतात, वाया जाणारी धरून.

एका पानाच्या उभ्या तीन पट्ट्या कापा. पट्टी तिरकी ठेवून एका कोपऱ्यापासून सायकलच्या स्पोकवर किंवा स्वेटर विणायच्या बारीक सुईवर घट्ट गुंडाळत न्या. गोंद फक्त शेवटच्या कोपऱ्याला, एक थेंब. सगळ्या पट्टीला गोंद लावला तर नळी ओली होऊन सुईलाच चिकटते. नळीचं एक टोक आपोआप जरा बारीक होतं. तेच दुसऱ्या नळीच्या जाड टोकात सरकवून लांबी वाढवायची असते, म्हणून ते कापून सरळ करू नका. पानाच्या कडेची कोरी पट्टी गुंडाळताना बाहेरच्या अंगाला आली तर नळी बरीचशी पांढरी दिसते आणि रंगाचा एक हात वाचतो.

तळासाठी पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या घ्या. उभ्या काड्यांसाठी १२ नळ्या मधोमध कापून २४ तुकडे होतात, त्यातले २३ वापरायचे. एका नळीने एकाआड एक विणताना उभ्या काड्यांची संख्या विषमच लागते. सम घेतली तर दुसऱ्या फेरीतही विण त्याच काड्यांच्या पुढून जाते आणि वीण बसतच नाही. २३ काड्या सुमारे अडीच सेंमी अंतरावर येतात. त्यांची चार-चार सेंमी टोकं दोन चकत्यांच्या मध्ये चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा, वरवंटा चालेल.

दुसऱ्या दिवशी काड्या जिथे वर वळवायच्या तिथे ओलं बोट फिरवा, नाहीतर कागद तडकतो. मग तळावर त्याच मापाचा एखादा स्टीलचा डबा ठेवून त्याच्याभोवती विणा. डब्याशिवाय विणलं तर हात नकळत ओढत जातो आणि टोपली वर जाता जाता तोंड मिटते. डब्याला आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली की नंतर तो सहज निघतो. शेवटी उरलेली टोकं शेजारच्या काडीमागून आतल्या वीणीत खोचायची.

आता खरं काम. फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात घेऊन आतबाहेर दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. मग अॅक्रिलिक रंग, नाहीतर भिंत रंगवून उरलेलं इमल्शन, आणि वर पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन पातळ हात. बहुतेक टोपल्या याच टप्प्यावर बिघडतात. वरून कोरडी दिसते म्हणून वॉर्निश लावलं जातं, आतली ओल कोंडते, वर पांढरट झाक येते आणि महिन्याभरात वीणीच्या फटींत बुरशीचे काळे ठिपके दिसतात. ओल तपासायची सोपी रीत म्हणजे टोपली गालाला लावून बघायची. गार लागली तर अजून ओली आहे, डोळ्यांना काहीही दिसो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस धरा. खरं तर हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरकावं.

साडीचं पायपुसणं

विरलेली सुती साडी ही या शहरातल्या हवेला सगळ्यात मानवणारी वस्तू. ओली झाली तरी धुऊन वाळवता येते. सिंथेटिक साडीचं पायपुसणं दिसायला चकचकीत, पण पाणी शोषत नाही आणि लादीवर घसरतं, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

आधी दोन्ही काठ कापून बाजूला काढा. काठाची वीण दाट असते, तो वेणीत दुमडत नाही. (काठ तोरणाला किंवा फ्रेमच्या कडेला लावायला राखून ठेवा.) रंग जातो का ते बघायला एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर गरम इस्त्री फिरवा. डाग पडला तर ती साडी फिक्या रंगाच्या साडीबरोबर गुंफू नका.

उरलेल्या कापडाच्या पाच-पाच सेंमीच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने काढा. कडेला कात्रीने छोटा छेद दिला की सुती कापड सरळ फाटत जातं, आखायची गरज नाही. सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब असते, म्हणजे काठ वजा जाता वीसेक पट्ट्या मिळतात. तीन पट्ट्यांची वेणी घातल्यावर लांबी पाव भागाने तरी कमी होते. हिशेबाने एका सहावारीत सुमारे दोन फूट व्यासाचं गोल पायपुसणं होतं. नऊवारी असेल तर त्याहून मोठं.

पट्टी संपली की नवी जोडताना तिन्ही पट्ट्यांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, तिथे गाठ होते आणि ती पायाला टोचते. वेणी घालून झाली की मधून सुरुवात करून गोल गोल लावत न्या. शिवायला दाभण आणि गोधडीचा जाड दोरा, दुहेरी. मशीनवर शिवायचा बारीक दोरा दोन धुण्यांत तुटतो.

शिवण नेहमी सपाट जमिनीवर ठेवूनच घालायची, मांडीवर नाही. मांडीवर घेतलं की कापड गुडघ्याचा आकार घेतं. दोन चुका सारख्या होतात. वेणी ओढून लावली तर पायपुसण्याची वाटी होते, आणि फार ढिली सोडली तर कडेला झालर येते. दर दोन फेऱ्यांनी हात फिरवून बघा. वाटी व्हायला लागली तर बाहेरची वेणी किंचित सैल सोडा, म्हणजे आतल्या फेरीच्या एका टाक्याला बाहेरच्या फेरीची थोडी जास्त लांबी द्या. चार फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं तर उसवणं हाच उपाय. इस्त्रीने ते बसत नाही.

लंबगोल हवं असेल तर मधली पहिली सरळ वेणी किती लांब घ्यायची याचं गणित सोपं आहे: लांबीतून रुंदी वजा करा. ६० बाय ९० सेंमीचं पायपुसणं हवं, तर मधली वेणी ३० सेंमी. गुळगुळीत लादीवर खाली रबराची जाळी घालायला विसरू नका, घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

बाटलीची फुलदाणी, आणि भिंतीवर टांगणं

बाटलीचं काम तासाभराचं. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बाटली अर्धा तास बुडवली की लेबल निघतं. उरलेला चिकटपणा खोबरेल आणि खाण्याचा सोडा चोळून काढा, आणि मग भांडी घासायच्या लिक्विडने तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुवा. तेलावर गोंद धरत नाही. सुतळी तळापासून गुंडाळत न्या. २४ सेंमी घेर, २० सेंमी उंची आणि ३ मिमी जाड सुतळी असेल तर १६ मीटर लागते. १० मीटरचं बंडल आणून अर्ध्यावर अडकू नका. बेसिनजवळ ठेवायची असेल तर सुतळी टाळा, काचेवर थेट रंगकाम करा.

टांगायच्या वस्तूंचं दुखणं वेगळं. भाड्याच्या घरात ड्रिल करू देत नाहीत, आणि चिकटवायचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. दोष हुकाचा नसतो. हुक रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीला सोडतो. हुक टाइल, काच किंवा कपाटाच्या सनमायक्यावर लावा, आणि बाकीच्या वस्तू पडद्याच्या रॉडला किंवा ग्रीलला दोरीने टांगा.

फ्रेम भिंतीला सपाट टेकवू नका. जुन्या रबरी चपलेचे एकेक सेंमी जाडीचे दोन तुकडे कापून फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना चिकटवा. मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर कागदी काम अजिबात नको. पावसाचा मारा त्याच बाजूने येतो.

आकाशकंदील

माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदील हवे तसे मिळतात, तरी पारंपरिक कंदील एकदा तरी हाताने करावा. थर्माकोलचा विचार करू नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

बुरुडाकडून ३-४ मिमी जाडीच्या कामट्या आणा आणि २५ सेंमीचे २४ तुकडे करा. चार-चारचे सहा चौकोन दोऱ्याने बांधा. आता एक चौकोन तळाला, एक वर, आणि चार बाजूंना कोपऱ्यावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधत जा. प्रत्येक गाठीत दोन चौकोनांचे कोपरे येतात, अशा एकूण १२ गाठी. चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. उंची सुमारे ३५ सेंमी भरते.

इथवर सगळ्यांचं जमतं. मग सांगाडा हातात धरला की पिळवटतो आणि एका बाजूला बसतो. याचं कारण बांधणीत नसून आकारात आहे: त्रिकोण हलत नाहीत, चौकोन मात्र शंकरपाळ्यासारखे तिरके होऊन कलतात. उपाय म्हणून सहाही चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण दोऱ्याने ताणून बांधा. वरच्या चौकोनात आधी कर्ण बांधा, बल्ब सोडायला जागा मधल्या फुलीच्या शेजारून मिळते. कर्ण बसले की सांगाडा जमिनीवर ठेवून दाबून बघा, तो हलता कामा नये. कागद लावल्यावर दुरुस्ती होत नाही.

पतंगाच्या कागदाचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण कापा, सगळीकडे दीड सेंमी जास्त ठेवून. ती कड कामटीवरून आत दुमडून खळीने चिकटवायची. आधी त्रिकोण, मग चौकोन. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहू द्या, गरम हवा वर निघून जाते आणि खालच्या कामट्यांना शेपट्या लावता येतात. गडद पतंगी कागदाचा रंग पाणी लागलं की उतरतो. ऑक्टोबरात पाऊस परत येतोच, तेव्हा कंदील छपराखाली टांगा. आत ५ ते ७ वॉटचा एलईडी बल्ब पुरतो. जुना तारेचा बल्ब नको, तो कागद करपवतो. होल्डर वायरवर लोंबत न ठेवता कंदील वेगळ्या दोरीने टांगा, वजन वायरवर येता कामा नये.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवला की कागद ओल्या फडक्याने भिजवून पूर्ण काढून टाका. खळीचा कण राहिला तर माळ्यावर झुरळं ते शोधून काढतात. सांगाडा दोन दिवस उन्हात ठेवा, आणि कामट्यांना बारीक भोकं पडून पिवळसर भुकटी गळते का ते बघा. तसं दिसलं तर भुंगेऱ्याने कामटी पोखरली आहे. तो सांगाडा टाकून द्या, नाहीतर कीड शेजारच्या लाकडी सामानालाही लागते. बाकीचे सांगाडे जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवले तर पुढची चार-पाच वर्षं फक्त कागदाचाच खर्च येतो.